अठरा सेंटिमीटरचा संशय

३ जून, सकाळी ७
नमुना फ्लॅटमध्ये राहायला आलो. आठ वर्षांतलं सहावं घर, पण डिझाइन माझं! सतत बदली होणाऱ्यांसाठी. भिंती रुळांवर, हवी तशी खोली करा. महिन्याने साहेब बघायला येणार. पास झालं की फ्लॅट आम्हालाच. लेकीला शब्द दिलाय, आता शाळा बदलायची नाही. आजच सगळे खोके उघडणार.

९ जून
ऑफिसमधून आलो तर माझ्या खोलीची भिंत अठरा सेंटिमीटर आत. आपोआप? शक्यच नाही, रूळ माझे आहेत. दुसरी किल्ली रूळ बसवणाऱ्या सुतारकाकांकडे असते. हं.

१० जून
भिंत जागेवर ढकलली. संध्याकाळी पुन्हा अठरा. हिला विचारलं. मोजत बसतोस तेवढ्या वेळात एखादा खोका उघड, म्हणाली. विषय टाळतेय.

१४ जून
काकांना आडून विचारलं, दुपारी कुठे असता? जेवून आडवा होतो, म्हणाले. इतकं चटकन उत्तर? ऑफिसातला गॉगलवाला माझ्या डिझाइनवर टपून आहेच. त्यानेच काकांना फोडलं असणार. किल्ली काढून घेतली.

१५ जून
तरी अठरा. डुप्लिकेट किल्ली!

२८ जून
कायमचा बंदोबस्त. शेजाऱ्यांचं ड्रिल आणून भिंतीला बारा स्क्रू मारले. कुणाला सांगितलं नाही. साहेबांच्या भेटीला काकांनी यायचं नाही, असंही कळवलं.

३० जून
भिंत जागच्या जागी. लेक चार्ट गुंडाळून ठेवून लवकर झोपली. अभ्यासाचा ताण असावा.

३ जुलै
साहेब आले. सरकवून दाखवा, म्हणाले. हात लावला आणि स्क्रू आठवले. शेजाऱ्यांकडे कुलूप. आमचा स्क्रूड्रायव्हर कुठल्या खोक्यात, देव जाणे.
लेक मध्येच बोलली. भिंत खरंच सरकते, म्हणाली. दुपारी ती रोज सरकवायची, शाळेचा चार्ट पसरायला. बाबा यायच्या आत परत ढकलायची, पण शेवटचं थोडं तिच्याने ढकललं जायचं नाही.
मग आता का हलत नाही, साहेबांनी विचारलं. मी स्क्रू दाखवले.

५ जुलै
नापास. लेकीने विचारलं, शाळेचा दाखला कधी काढायचा? फार लाज वाटली. पण मला स्क्रू मारायची वेळ कुणी आणली? गॉगलवाल्याने.

१२ जुलै
सातवं घर. भिंती विटांच्या. पहिल्याच खोक्यात स्क्रूड्रायव्हर सापडला. खोक्यावर हिच्या अक्षरात, जुन्या शाईने: 'आधी उघडणे'.
लेकीने तिचा एकही खोका उघडलेला नाही. राहू दे बाबा, म्हणाली.