चमच्यांच्या खणातला बिल्ला

धाकटे,

तुझा प्रयोगशाळेचा बिल्ला आज चमच्यांच्या खणात सापडला. तुम्ही बनवता त्या औषधाचे किरण अंगावर किती पडले, ते मोजणारा. आकडा वाढला की कामावरून घरी बसवतील, म्हणून तो इथे लपवतेस. एवढं माझ्यासारख्या चौथी नापासालाही कळतं.

तुझ्या औषधानं लोकांचा आतला रोग फोटोत दिसतो. तुझा कोण बघणार? तू रात्री नुसती खोकलीस तरी मी उठून बसते. विचारलं तर म्हणशील, "ताई, वीस वर्षं करतेय, तुला काय कळतंय?"

म्हणून हे पत्र देत नाही. बोलण्यात तू जिंकतेस. बिल्ला तुझ्या उद्याच्या कोटाला दुहेरी दोऱ्यानं शिवलाय. उसवून दाखव.

घाबरलेली,
तुझी ताई