ती प्रार्थना मागे घे

सोलापूर, मंगळवार

धाकटे बंधू यहोशवा यास शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

उशिरा लिहितो, माफ कर. राग उतरल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण तो उतरत नाही. फोन केला तर तोंडून वाईट शब्द जातील.

मी बरा आहे. नवी पेठेच्या मागे सोनाबाईंच्या घरी कडक भाकरी बनतात, त्या मी पाकिटात भरतो. बसून काम आहे आणि दोन वेळचं जेवण मिळतं. सात महिने गुडघे टेकून मी देवाकडे हेच मागत होतो. सोनाबाई आपल्या धर्माच्या नाहीत, तरी सकाळी म्हणतात, "बाबा, तुमचं आमेन झाल्याबिगार मी तवा ठिवत न्हाय."

आणि तू भर उपासनेत उभा राहून गावच्या मंडळीला सांगितलंस, थोरल्या भावाची या हलक्या कामातून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करा. मला विचारलंस का? काम मी करतो आणि लाज तुला वाटते.

साठ माणसांनी डोळे मिटून मागितलं. देव ऐकतो रे. त्या रविवारपासून माझा हात कापतो. काल चार भाकरी मोडल्या. सोनाबाई म्हणाल्या, "असू द्या की बाबा, चुरा आमी खाऊ." रोज कोण चुरा खाईल?

तुझ्या वहिनीचा खोकला कसा आहे? तिला माझ्या हाताचं काही सांगू नकोस.

येत्या रविवारी पुन्हा उभा राहा आणि मंडळीला ती प्रार्थना मागे घ्यायला लाव. घेतली की लगेच कळव. तोवर भाकरीला हात लावायची मला भीती वाटते.

तुझा दादा,
शांतवन