डाव्या कानाचा खुलासा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. दोन वर्षांचे साचलेले एकदमच घालतो आहे. गुडघे कसे आहेत? वहिनींची खुशाली फोनवर कळते. तुझी कळत नाही, कारण माझा फोन आला की तू नेमका आंघोळीला गेलेला असतोस. (दिवसातून चार-चार आंघोळी या वयात बऱ्या नव्हेत.) वहिनींच्या ऑपरेशनच्या दिवशी तू मला काहीतरी विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून हा अबोला, असं त्यांच्याकडूनच समजलं. तू काही विचारलंच नव्हतंस, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. आता त्यात जरा गडबड झाली आहे.

झालं असं, की आमच्या सूनबाई मेंदूचा डावा भाग काय करतो आणि उजवा काय, यावर प्रबंध लिहिताहेत. कवटी न उघडता हे शोधायचं, म्हणून दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे शब्द सोडायचे. एकात 'खिडकी', दुसऱ्यात 'चमचा'; ऐकू येईल तो शब्द सांगायचा. बहुतेकांचं भाषेचं खातं डाव्या मेंदूकडे असतं आणि उजवा कान त्याच्या जास्त मर्जीतला, त्यामुळे उजव्या कानातले शब्द थोडे जास्त पकडले जातात. (थोडे हं!) आधी कान तपासायचे असतात, पण मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? सासऱ्यापुढे बिचारी काय बोलणार?

चाळीस जोड्या झाल्या. चाळीसही शब्द उजव्या कानाचे! सूनबाई हरखल्या, असा निकाल कुणाचाच नव्हता. मीही खुर्चीत ऐसपैस बसलो. (मेंदूने असामान्य निघालो, हे तुला कसं कळवावं याचा मसुदासुद्धा मनात तयार झाला.) मग तिला शंका आली. तिने उजवीकडचा आवाज बंद करून फक्त डावीकडे शब्द सोडले. मी शहाण्यासारखा वाट पाहत बसलो. शेवटी म्हटलं, "सुरू कर ना गं, किती ताटकळत ठेवशील?" तिने हेडफोन काढला आणि हळूच म्हणाली, "बाबा, वीस शब्द होऊन गेले."

मेंदू राहिला बाजूला. छापखान्यात पस्तीस वर्षं यंत्र माझ्या डाव्या हाताला धडधडत होतं, त्याने तो कान कधी खाल्ला ते कळलंच नाही. सूनबाईंनी माझा निकाल रद्द केला. त्याचं वाईट वाटलं, पण खरं वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. वहिनींना आत नेलं तेव्हा बाकावर तू माझ्या डावीकडे बसला होतास. तू विचारलंस आणि मी उठून चहा आणायला गेलो. फार लाज वाटते रे दादा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : आमची ही म्हणते, इतकी वर्षं मी यांच्या डावीकडून बोलले ते सगळं पाण्यात गेलं. आता तिने पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं आहे.

ता. क. २ : सूनबाईंना माझ्या जागी एक माणूस हवा आहे. तू ये. कान तपासून घेऊ.

ता. क. ३ : आणि त्या दिवशी काय विचारलं होतंस, तेही सांग. उत्तर आत्ताच लिहून ठेवतो : हो.