गोणीसकट वजन

१२ जून २०२३
पुन्हा तारीख! जामीन पुन्हा फेटाळला. खालच्या खोलीतली वनजा कोर्टातून आली ती जिन्यावरच बसली. नवरा भुजंगराव सव्वातीन वर्षं तुरुंगात, अजून एकही साक्ष नाही! टेम्पोतून के. आर. नगरहून इथल्या मंडी मोहल्ल्याच्या बाजारात कोथिंबीर आणायचा. त्यातल्या एका गोणीत गांजा निघाला. गोणी कुणाची, चढवली कुणी, हे विचारायला कुणाला सवड नाही. टेम्पो ज्याचा, पाप त्याचं. तो आत गेल्यावर भाडं झेपेना म्हणून ती आमच्या खाली राहायला आली.
"अण्णा, जज्ज काय म्हणाले ते मला कळलंच नाही." म्हटलं, नशीबवान आहेस.

१३ जून
भुजंगरावचा वकील शेषगिरी, त्याच्याकडे जाऊन भांडलो. माल वीस किलोच्या वर असला की जामीन जवळजवळ मिळतच नाही. इथे किती? वीस किलो चारशे ग्रॅम — गोणीसकट! तेही ओलं. म्हणजे आपल्याकडे तागालाही नशा चढते, पाण्यालाही चढते, फक्त काटा हातात धरणाऱ्याला कधी चढत नाही.
"मग खटला तरी चालवा!"
"चालवू हो, पंच साक्षीदार यायला नको? नऊ समन्सं गेली, नऊच्या नऊ परत."
खटला रखडला तर जामीन द्या, असं वरची कोर्टं सांगतात. आमचं कोर्ट म्हणतं, साक्षीदार आला की खटला संपेलच, मग जामीन कशाला? वा! ताट मांडलंय, म्हणून तीन वर्षं उपाशी बस.

२ जुलै
वनजा तुरुंगात भेटून आली. भुजंगरावने विचारलं, पोरगी अजून अंगठा चोखते का? पोरगी तिसरीत आहे.

५ जुलै
जयलक्ष्मी म्हणते, "रोज संतापता आणि मग रात्रभर कूस बदलता. तुमचं काय जातंय हो?" बायको आहे, विचारायचा हक्क आहे. पण काय जातंय म्हणजे! हा पंच सरकारी नोकर आहे म्हणे. पोलिसांनी बोलावलं की जायचं, माल आणि वजन आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग सही करायची. पगाराच्या तारखेला बरोबर उगवत असेल! शेषगिरीला म्हटलं, नक्कल दे, पत्ता मी काढतो. कचेऱ्यांत तीस वर्षं घालवलीत, माणूस कुठे दडतो ते मला ठाऊक आहे.

१७ जुलै
आरोपपत्राची नक्कल मिळाली. पान चौदा. पंच क्रमांक दोन — दामोदरराव, तालुका कचेरी, के. आर. नगर. खाली सही.
माझी.
तेव्हा मी तिथेच होतो. ठाण्याचा शिपाई महिन्यातून एकदोनदा कागद घेऊन थेट टेबलाशी यायचा. "सुम्ने एक सही, सार." सुम्ने — म्हणजे उगीच आपली. कॉफी निवायच्या आत करून द्यायचो. गोणी पाहिली नाही, काटा पाहिला नाही, आरोपीचं नावसुद्धा वाचलं नाही. पुढच्याच महिन्यात बदली होऊन इकडच्या कचेरीत, घरी आलो. समन्सं तिकडे जात राहिली, शेरा घेऊन परत येत राहिली — "सदर इसम येथे नाही."
कोर्टात "सगळं पाहिलं" म्हटलं तर भुजंगराव दहा वर्षं आत. "काही पाहिलं नाही" म्हटलं तर माझी नोकरी जाईल. पेन्शनला चार वर्षं उरलीत. जयलक्ष्मीला अजून सांगितलं नाही.

१८ जुलै
शेषगिरीला फोन केला — येतो, काही पाहिलं नव्हतं ते सांगतो. मग खाली गेलो. वनजाला म्हटलं, तो न येणारा साक्षीदार मीच.
ती खळखळून हसली. "अय्यो अण्णा! तुमच्या चेष्टेला काही सुमार?"
तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.
मग पुन्हा सांगितलं.