गॉगल आणि चक्रीभुंगा

४ ऑगस्ट, नांदेड

आली! लुंबिनी. लातूरच्या मुख्य ऑफिसात नेमणूक, पण दर महिन्याला काही दिवस आमच्या नांदेड शाखेत बसणार. हुद्दा — डिजिटल कंटेंट हेड. माझा सोळा वर्षांचा हुद्दा — अंकवाले काका.

बियाणे कंपनीचं मासिक काढणारा म्हणजे वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर. जेवायला वाढतात, आग्रह करत नाहीत. तरी 'शिवारसखा' माझा आहे. मजकूर माझा, मुद्रितं मी तपासतो, शेवटच्या पानावरचं तिरकस सदर माझं.

पोरगी सत्तावीसची असेल. जवळ पेन नाही. मी दोनदा पाहिलं.

९ ऑगस्ट

तिची पहिली रील. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये उकिडवी बसली आणि चक्रीभुंगा दाखवला — खोडाला गोल काप कसा देतो, वरचा शेंडा कसा मान टाकतो. याच भुंग्यावर मी चार पानं लिहिली होती, आकृत्यांसकट. हिनं नखानं दाखवून विषय संपवला. संध्याकाळपर्यंत साठ हजार लोकांनी पाहिली. माझा अंक निघतो अठरा हजार!

बायको म्हणाली, "किती वेळा पाहून राहिलात ती?"

म्हटलं, चुका काढतोय.

"सापडल्या का मग?"

सिंधूला असले प्रश्न नेमके जेवताना सुचतात.

१३ ऑगस्ट

देगलूरच्या मलप्पांना फोन लावला. आमचे जुने दुकानदार, माणूस खरं बोलतो. अंक मिळतो का, विचारलं.

"मिळतो की साहेब. पान लई जाड हाय. थैल्याखाली अंथरतो, बियाण्याला ओल लागत न्हाई."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात — "त्या ताईची रील मातर एक नंबर हाय बरं का. आमची कारभारीण बसम्मा गल्लीत समद्यांला कन्नडमधी सांगून राहिली."

ओल लागत नाही. माझ्या वाङ्मयाचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कुणी केलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

"काका, तुमचे जुने अंक द्या ना. वाचायचेत."

वाचायचेत! उचलायचेत म्हण की. वाळवीनं खाल्लेला गठ्ठा काढून दिला. लुंबिनीनं ओढणीनं झटकला, गाडीत ठेवला आणि वर "थँक्यू काका" म्हणाली. उद्धट असती तर किती सोयीचं झालं असतं!

२४ ऑगस्ट

आज एक खातं उघडलं. नाव — चक्रीभुंगा हदगावकर. हदगावशी माझा संबंध सासुरवाडीपुरता, पण नावाला वजन आलं.

करणार काय? आजच्या रीलीत बाई विष्णुपुरीच्या धरणावर, डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल, मागं धांगडधिंगा गाणं, आणि विषय काय तर सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग! हात शिवशिवले. लिहिलं —

"ताई, या काचेतून पिवळं पान दिसत असेल तर आमच्या गावाला एक पेटी पाठवा. ता. क. — हिरव्या काचेचे असतील तर पंचनाम्याला येणाऱ्या साहेबांसाठी राखून ठेवा. त्यांना तसंही सगळं हिरवंच दिसतं."

छान झोप लागेल आज.

२५ ऑगस्ट

रीलीखाली सगळ्यात वर माझी कॉमेंट! साडेतीन हजार लाइक!

"कोण हाय रं ह्यो?" "भुंग्या, लई खोल कापलास!" "ह्याला आमदार करा!"

आणि तिचं उत्तर — "भुंगेकाका, चष्मा तुम्हालाच लागलाय. नंबर तपासून घ्या." त्यालाही हजार लाइक. काका म्हणे. सगळ्या जगाला काका म्हणते वाटतं.

३ सप्टेंबर

पोरगी खाद्यच टाकून राहिली. सोमवारी ड्रोन उडवला. बुधवारी पांढरेशुभ्र बूट घालून चिखलात. आज मालकाच्या पोराला ट्रॅक्टरवर बसवलं. मी लिहिलं, "ट्रॅक्टरनं पहिल्यांदाच मान खाली घातली." लोक आता रील अर्धी सोडून थेट भुंग्याकडं येतात.

मी जिंकून राहिलो.

१२ सप्टेंबर

चहाच्या टपरीवर दोघं-तिघं भुंग्याच्या कॉमेंटी मोठ्यानं वाचत होते. आमचा हिशेबनीस बालाजीही त्यात. सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण आहे हो हा?

"काय माहीत. पण डोकं हाय गड्याला!"

मी म्हटलं, शिवारसखातही असंच येतं. शेवटच्या पानावर.

बालाजी माझ्याकडं बघून हसला. मग कीव आल्यागत म्हणाला, "तुमचं बी चांगलंच असतंय काका. पण हा कसा — मोकळा लिहितो."

मोकळा! तोच हात, तेच डोकं, सदरातली अर्धी वाक्यं जशीच्या तशी! घरी येऊन खात्यावर लावलेल्या भुंग्याच्या फोटोकडं पाहिलं. पहिल्यांदाच तो किडा मला डोळ्यांत खुपला.

१८ सप्टेंबर

दिवाळी अंकाचा मजकूर लातूरला पाठवून आठ दिवस झाले. उत्तर नाही.

भुंग्याला आज निलंग्याहून लग्नाचं आमंत्रण आलं. सहकुटुंब.

२९ सप्टेंबर, लातूर

बैठक. शेषेरावांनी कंपनी उभी केली, आता खुर्चीत त्यांचा सत्यम. तोच, ट्रॅक्टरवरचा. मी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ नळीत गुंडाळून नेलं होतं. नळी उघडायची वेळच आली नाही.

"काका, कागद बंद. दिवाळी अंकसुद्धा न्हाई. लोक तिथं राहिलेच न्हाईत, आपण कुणासाठी छापायचं?"

मलप्पांच्या थैल्या आठवल्या.

"तुम्हाला काढत न्हाई, घाबरू नका. एक काम हाय. तो भुंगा हुडका. त्याला मानधनावर घेऊ. आपल्याला शिव्या देणारा आपलाच पाहिजे, काय? मला बी हाणलं गड्यानं, पण मी पोट धरून हसलो. तुमच्यापेक्षा लई भारी लिहितो, राव!"

"एवढा काही भारी नाही तो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"जळू नका काका," सत्यम म्हणाला.

सगळे हसले. लुंबिनी नाही हसली. तिची मान मोबाइलमध्ये.

सांगून टाकायचं होतं — अरे, तो मीच. पण सांगितलं असतं तर सोळा वर्षं माझ्या नावानं लिहिणारा तो मचूळ माणूसही मीच निघाला असता. मासिक माझं गेलं, मानधन त्याला! लॉजच्या आरशात स्वतःकडं पाहून म्हटलं, कोण कुठला हदगावकर, आमच्या ताटावर बसतो.

३० सप्टेंबर

लुंबिनी स्टँडवर सोडायला आली. नांदेडची एसटी लागलेली.

"काका, मानधनाच्या करारावर नाव काय घालू? हदगावकर, का खरं?"

एसटीची पाटी दोनदा वाचली. मग विचारलं, कधी ओळखलंस?

"पहिल्याच दिवशी. कॉमेंटीत ता. क. कोण लिहितं हो? तुमचं प्रत्येक सदर ता. क.वर संपतं. म्हणून तर मीच ती वर पिन केली."

मी म्हटलं, आणि नेमका गॉगल लावूनच उभी राहिलीस?

"वाळवीनं सोडलेलं सगळं वाचलं मी. गॉगल घालून शेतात आलेल्या साहेबावर तुम्ही एकदा दीड पान लिहिलंय, काका. म्हटलं, गॉगल घातला की यांना राहवणार नाही. ड्रोन, बूट, ट्रॅक्टर — सगळं तुमच्यासाठीच. नाहीतर पांढऱ्या बुटानं चिखलात कोण जातं!"

"हदगावकर घाल," म्हटलं आणि गाडीत चढलो.

ता. क. — सोळा वर्षं अठरा हजारांसाठी लिहिलं. या पोरीनं मला वाचलं, तितकं त्यातल्या एकालाही मी वाचलं नव्हतं.