पालथे हात

सोमवार, ३ नोव्हेंबर २००८

पोचले एकदाची नारीनला. बिश्केकपासून सहा तास खच्चून भरलेल्या मार्शरुत्का व्हॅनमध्ये गुडघे हनुवटीला लागले होते, पण घाटात ऊन पडलं आणि शेजारच्या बाईनं न विचारता मूठभर तळलेले बोरसोक हातावर ठेवले, त्यामुळे ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या. केरेझ फाटकाशीच उभी होती. माझी धाकटी बहीण आणि सातवा महिना! बदकासारखी चालते. मला बघून रडली, मग हसली, मग म्हणाली, एजे, ताई गं, तू किती म्हातारी दिसायला लागलीस. जीव थंड झाला माझा.

तिच्या सासूला, उलकान आपाला, मी आल्याचं काही कौतुक दिसलं नाही. नवरा सोडून आलेली बाई गर्भारणीच्या घरात नको, हे तिनं मला नाही, समोवाराला दोनदा ऐकवलं. म्हणून बाजारामागे खोली घेतली आहे. काम मात्र झकास मिळालं. साबिर बायके म्हणून एकजण लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सहा वर्षांची दोनशेवर लग्नं आहेत आणि हार्ड डिस्क आता कटकट वाजते. ती डोळे मिटायच्या आत सगळं डिस्कांवर उतरवायचं. आधीची जाझगुल म्हणे न सांगता निघून गेली. गेली तर गेली. नवी वही, नवं गाव, मी खुशीत आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

वीज आठ ते बारा, मग एकदम चारला. एक डिस्क भरायला वीस मिनिटं. मध्येच वीज गेली की डिस्क फुकट, कारण या डिस्का एकदा भरल्या की पुसता येत नाहीत. साबिर बायके तोंडाचा फटकळ आहे, पण नियम बरोबर घालून देतो. प्रत्येक डिस्क यंत्रात घालून थोरांच्या बाता, म्हणजे आशीर्वाद, नीट उतरल्यात का ते बघायचंच. नाच गेला तर लोक दोन दिवस कुरकुरतात, कुणाच्या आजोबांचा आशीर्वाद गेला तर दुकानाच्या काचा फोडतात.

आज पहिलं केरेझचंच लग्न घेतलं. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचं. त्यात मी चहा ओततेय आणि तोंड असं की कुणी लिंबू पिळलंय. मग एकेक म्हातारं माणूस उठून ओंजळ धरून बाता द्यायला लागलं आणि इथे यंत्रासमोर माझीही ओंजळ वर. टीव्हीवर कुणी बाता दिली तरी आमचे हात वर जातातच, त्याला मी काय करू? प्रत्येकाच्या शेवटी ओमीन म्हटलं, तोंडावरून हात फिरवले, थोडी रडलेसुद्धा. सगळ्यात शेवटी पांढऱ्या मुंडाशातली एक म्हातारी होती. ओळखली नाही, त्यांच्याकडची असेल.

संध्याकाळी डिस्क नेऊन दिली. उलकान आपा चक्क हसली. येत्या शनिवारी नाही, पुढच्या, पंधराला शेजारणींना बोलावून दाखवणार आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जाझगुल आली होती, तिचा थर्मास राहिला होता म्हणून. बसली नाही, कोटाची बटणं काढली नाहीत. विचारायला लागली की मी शेवटच्या म्हातारीचा तुकडा कापून मग डिस्क करते ना. कुठली म्हातारी, मी म्हटलं. तर माझ्याकडे बघून म्हणाली, बघताना हात मांडीखाली दाबून ठेव. एवढंच. दारातून बाहेर पडताना थुंकली. काम सोडून गेलेल्या बायका अशाच जळतात, असं मी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

म्हातारी दिसली. आतबाशीच्या एका लग्नात, मानाच्या जागी. तेच पांढरं मुंडासं, तीच तपकिरी मखमली बंडी. मग कोचकोरच्या लग्नात. मग नारीनमधल्याच दोन लग्नांत. पाच वर्षांचं अंतर आणि बाई आहे तशीच.

साबिर बायकेला विचारलं. असेल कुणाची तरी आत्या, म्हणाला. त्याच्या मते लग्नात म्हाताऱ्या बाईला तुम्ही कुणाकडच्या असं कोण विचारतं? मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची. उठून जागा देतात, मान राखून मांस वाढतात, बाता मागतात. त्यानं स्वतः शूटिंग केलंय, पण त्याला ती आठवत नाही.

नंतर एकटीनं चित्र थांबवून पाहिलं. सगळ्यांचे तळवे वर आहेत. तिचे हात पालथे.

आमच्याकडे पालथ्या हातांची बाता कशासाठी देतात हे लहान पोरालाही माहीत आहे. तो शाप असतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी एकूण अकरा लग्नांत सापडली. डिस्क नीट चालते ना, असं निमित्त काढून पाच घरी फोन केले. दोन घरांत पोरांचा गोंगाट होता. बरं चाललंय म्हणाले. उरलेल्या तिघांकडे पहिलं मूल राहिलं नाही. एक पोटातच, दोन चाळिसाव्या दिवसाच्या आत. तिघांनीही डिस्क जाळून टाकली आहे. का, तर सांगता येत नाही.

जाझगुलचं घर शोधून काढलं. आज तिनं आत घेतलं. दोन सुखी घरांच्या डिस्कांमधून तिनं म्हातारी कापली होती. म्हातारी एकटी काहीच करू शकत नाही, असं ती म्हणते. कुणीतरी ओमीन म्हणून तिची बाता पुरी करावी लागते. जाझगुलनं एकदा, भावाच्या लग्नाची डिस्क बघताना, चुकून म्हटलं. भावाचं काय झालं ते मी विचारलं नाही. भिंतीवर पाळणा टांगायचा आकडा रिकामा होता.

मी तिला सांगितलं नाही की मीही म्हटलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

केरेझचं लग्न परत पाहिलं. हात मांडीखाली दाबून.

पालथे. माझ्या आसवांत मला दिसलेच नाहीत. आणि मी त्या लग्नात होते, शेवटच्या माणसापर्यंत मी स्वतः चहा दिलाय. अशी बाई तिथे नव्हती.

माझ्या एकटीच्या ओमीननं पुरत असेल का? जाझगुल म्हणते, बाहेरच्याच्या तोंडून अर्धं होतं. अर्धं त्या घरानं म्हणायचं असतं.

शनिवारी सगळं घर बसून बघणार आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डिस्क परत मागितली. खराब भरलीय, दुसरी देते म्हटलं. उलकान आपानं ती कपाटात घालून किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मग खरं सांगितलं. चूक झाली. घर डोक्यावर घेतलं तिनं. स्वतःची कूस उजवली नाही म्हणून बहिणीच्या पोटावर डोळा ठेवतेस, असं सुनेसमोर, मुलासमोर म्हणाली. केरेझचा नवरा बुटांकडे बघत राहिला. केरेझ फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, एजे, बाळ होईपर्यंत येऊ नकोस.

माझी केरेझ. तिला मी कडेवर घेऊन वाढवलंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळे दुपारच्या नमाजाला आणि बाजाराला गेले तेव्हा मागच्या दारानं शिरले. कपाटाचं कुलूप सुरीनं उचकटलं. डिस्कचे चार तुकडे केले, चुलीत घातले. चोर तर चोर.

चारला वीज आल्यावर कॉम्प्युटरमधलं केरेझचं लग्न पुसलं. मग बाकीची दहा. तेवढ्यात हार्ड डिस्क दोनदा कटकटली आणि बंद. सगळी लग्नं गेली. साबिर बायकेनं थर्मास फेकून मारला, हाकलून दिलं. मी रस्त्यात हसत होते. कुठेच उरली नाही ती.

जाझगुलला आनंदानं फोन केला.

ती म्हणाली, "तिथे ती बसून तरी होती, गं. आता कुठे बसेल?"

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

रात्रभर डोळा नाही. केरेझचा फोन — रडत — डिस्क नाही, तिची सासू माझ्यावर पोलीस घालणार आहे. बायका तरी बोलावलेल्याच आहेत. चहा देऊन परत पाठवणार.

मी जाणार. मारलं तरी.

त्याच दिवशी, दुपार

दारातच बसलेय, पादत्राणांपाशी. शेजारणींसमोर मला ओढून बाहेर काढायची उलकान आपाला लाज वाटते. वही मांडीवर आहे. लिहितेय म्हणजे हात गुंतलेला राहील.

सहा बायका. केरेझ उशीला टेकून. दिवस लख्ख आहे.

आली. दार न वाजवता. पांढरं मुंडासं, तपकिरी बंडी. अंगणभर बर्फ, तिच्या बुटांना कणही नाही.

सगळ्या उठल्या. उलकान आपानं हात धरून मानाच्या जागी नेली, केरेझकडे बघून हसली — तुमच्याकडची का, अशी. केरेझही हसली — तिला वाटतंय सासरची —

मी मोठ्यानं विचारलं, "आपा, ही कुणाकडची आहे?"

उलकान आपा म्हणाली, "घरी आलेल्या म्हातारीला असं विचारतात? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का?"

चहा घेतला म्हातारीनं. मांस वाढलं. केरेझचं पोट बघितलं.

आता शाल सारून हात बाहेर काढतेय.

केरेझ, हात खाली — मी ओरडले, खरंच ओरडले — कुणी बघत नाही — सगळ्यांच्या ओंजळी वर — केरेझची पण — अगं बघ ना तिचे हात —

पुटपुटतेय. लांबवत नाही. संपत आलं

लिही. लिहीत राहा. पेन सोडू नकोस. डावा हात आपोआप — मांडीखाली दाबला — निसटला — केरेझ तोंड उघडतेय — पेन माझ्या बो