निखाऱ्यावरचा टोस्ट आणि माझं कॅप्टनपद

१२ जानेवारी, सोमवार

शेजारचा ॲथॉल कुंपणापाशी येऊन सांगून गेला : ग्लेनिस ट्रँटर कॅप्टनपदाला उभी राहतेय. माझ्याविरुद्ध! टिन्डल्स क्रीकच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा मी चौदा वर्षं कॅप्टन. ती माझ्या हाताखालची उपकॅप्टन, एरवी शाळेची बस चालवते. ॲथॉल दलाचा सेक्रेटरी, म्हणजे बातमी पक्की. मतदान ८ फेब्रुवारीला.

घाबरायचं कारण नाही. मतदानाच्या सकाळी कॅप्टनने सगळ्यांना टोस्ट खाऊ घालायचे आणि मग हात वर करून मतं घ्यायची, ही आमच्या दलाची जुनी पद्धत. माझे टोस्ट खाल्ल्यावर माणसांचे हात आपोआप वर जातात. गेल्या वर्षीचे तेवढे वातड झाले. तेव्हा बायको, नोला, बहिणीकडे गेली होती. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

निश्चय : यंदा टोस्ट असा करायचा की ग्लेनिसने स्वतः माझ्यासाठी हात वर करावा. दुसरा निश्चय : पोट फार सुटलंय, दिवसाला दोनच टोस्ट खायचे.

संध्याकाळ. पाच झाले. उद्यापासून दोन.

१४ जानेवारी

लायब्ररीत दोन तास. टोस्टला केवढा इतिहास आहे! रोमन लोक निखाऱ्यावर पाव भाजायचे. इंग्लंडात वाइनच्या पेल्यात टोस्टचा तुकडा टाकायचे. शेकडो वर्षं पाव टोचायला लांब काटा, निखारे आणि धीर, एवढ्यावर जगाचं भागलं. मग विजेचा टोस्टर आला आणि माणूस आळशी झाला.

म्हणजे खरा टोस्ट निखाऱ्यावरचा. नोलाला तासभर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एकेचाळीस वर्षं तुला टोस्ट मी करून घालतेय, त्या रोमनांना कशाला झोपेतून उठवतोस?" तिला इतिहासाची आवड नाही.

१७ जानेवारी

कुंपणाच्या तारेचा लांब काटा वळवला. झकास. गॅसवर तालीम केली. स्मोक अलार्म वाजला. मीच बसवला होता, उत्तम चालतो. दलाच्या वहीत 'अलार्मची चाचणी, यशस्वी' अशी नोंद केली.

नोलाने काट्यासकट मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

२२ जानेवारी

मागच्या अंगणात अर्धं पिंप कापून शेगडी केली. रेडगमच्या लाकडाचे निखारे. एक पाव संपवला. एक बाजू काळी, दुसरी पांढरी, पण रोमनांनाही दोन्ही बाजू एकदम जमल्या असतील असं वाटत नाही.

ॲथॉलला चव बघायला बोलावलं. लोणी कडेपर्यंत, त्यावर वेजिमाइट अगदी पुसल्यासारखं पातळ, हा आपला नियम. त्याने माझ्या हातातून सुरी घेतली आणि ते काळं खारट प्रकरण बोटभर जाड थापलं. म्हणाला, "बाहेर कोळसा आहे डेस, आत पाव आहे. बाकी काही म्हणणं नाही."

ॲथॉलचं मत नक्की.

२९ जानेवारी

दुकानात ग्लेनिस भेटली. गोड हसून म्हणाली, "कॅप्टन, त्या दिवशी मदत लागली तर सांगा हं. टोस्टर घेऊन येईन." तोंडचं पाणी पळालंय तिच्या.

ॲथॉल म्हणतो, डिसेंबरपासून या उन्हाळ्यातल्या अकराही आगींना गाडी तिनेच नेली, लोक ते बघतात. अरे, मी दलाच्या स्टेशनात रेडिओवर बसून योजना आखतो ते नाही का कुणी बघत? शिवाय माझा गुडघा. दोन वर्षं गाडीवर चढलो नाही म्हणजे उतरणीला लागलो असं होत नाही.

मतांचा हिशेब मांडला. तेवीसपैकी एकोणीस माझी.

३ फेब्रुवारी

आज सहा टोस्ट. तालमीचे धरायचे नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४

रेडिओवर सांगितलं : उद्या त्रेचाळीस डिग्री, उत्तरेचा वारा, संपूर्ण आगबंदी. उघड्यावर काडीसुद्धा पेटवायची नाही. कॅप्टन या नात्याने वेशीवरच्या, आगीचा धोका दाखवणाऱ्या फलकाचा काटा मी स्वतः पार शेवटच्या रंगावर नेऊन ठेवला. बारच्या मालकाला त्याच्या अंगणातल्या चुलीबद्दल कडक ताकीद दिली.

ग्लेनिसचा फोन : "मग उद्या टोस्टर आणू ना?" म्हटलं, तू तुझं बघ.

नीट विचार केला. आग म्हणजे ज्वाळा. निखारे म्हणजे आग नव्हे. आणि पहाटे वारा नसतो. सात वाजता सगळं विझवून मोकळा.

८ फेब्रुवारी, रविवार, पहाटे ५.१०

पिंप पेटवलं. नोला झोपलीय.

५.५०

अहाहा! दोन्ही बाजू सोनेरी. बारा झाले. टॉवेलात गुंडाळून ठेवतोय. आयुष्यातले सर्वोत्तम टोस्ट.

६.२०

चौतीस झाले. किंचित वारा.

६.२६

कमरेचा पेजर वाजला. धूर दिसतोय, सगळ्यांनी निघा. पत्ता : चौदा, मिल रोड.

चौदा, मिल रोड म्हणजे मी.

नियमाप्रमाणे 'निघालो' असं उत्तर पाठवलं.

सकाळी ९

सविस्तर लिहितो. एक ठिणगी ॲथॉलच्या वाळक्या गवतावर गेली. पाण्याचा पाइप घ्यायला धावलो, तर गुडघ्याने दगा दिला. ॲथॉल पायजम्यात बादली घेऊन नाचत होता. सात मिनिटांत ग्लेनिस गाडी घेऊन आली. ओरडली नाही, काही नाही. कुंपण, पिंप, टॉवेल, टोस्ट, सगळं तिने चिंब करून टाकलं. मला म्हणाली, "डेस, तू गाडीमागे थांब. पाय सांभाळ."

ती मला कॅप्टन म्हणाली नाही.

मग अहवालाचा कागद काढला. 'आगीचं कारण' या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं : टोस्ट. पोलिसांना तो कागद जातो म्हणे.

संध्याकाळ

ग्लेनिसला बावीस. मला एक, ते ग्लेनिसचं. खांदा आखडल्यामुळे तिच्यासाठी माझा हात उशिरा वर गेला, म्हणून ॲथॉलला दोनदा मोजावं लागलं.

टोस्ट स्टेशनातल्या टोस्टरवरच झाले. नोलाने केले. सगळे म्हणत होते, "वा नोला, गेल्या वर्षी तू नव्हतीस, काही मजाच नव्हती." मी तिच्याकडे बघत राहिलो. चौदा वर्षं मी पुढे उभा राहून भाषण करायचो, तेव्हा मागे कोण उभं असायचं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पेजर परत दिला. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. चार टोस्ट खाल्ले.

९ फेब्रुवारी, सोमवार

नव्या कॅप्टनने मला पद दिलंय : पुढच्या वर्षीच्या टोस्टचा प्रमुख. नोलाच्या देखरेखीखाली. मान मोठा आहे.

लगेच शिकायला बसलो. नोलाने सगळं गुपित सांगितलं : लोणी आदल्या रात्री बाहेर काढायचं आणि टोस्टरचा आकडा चारवर ठेवायचा. एवढंच. रोमनांना हे माहीत नव्हतं.

आकडा मी लावला. खटका मी दाबला. धीर धरून उभा राहिलो. खट् करून खटका वर आला, टोस्ट काही आला नाही. मशीनचाच दोष, असं मी म्हणालो.

नोला म्हणाली, "आत पाव घालायचा असतो, डेस."